नगरपालिकेच्या वतीने

आमच्या गावात सत्कार झाला नाही असा माणूस शोधायचा, तर तो तिडके साहेब नगरपालिकेत लागण्याआधीच वारलेला असला पाहिजे. बाकी कोणी सुटलेलं नाही. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे माझ्या अंगावर किती शाली पडल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्यातली एक कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी स्वतःच परत मागून नेली होती. दुसऱ्या दिवशी टँकरच्या ड्रायव्हरचा सत्कार होता आणि भांडारात शाल शिल्लक नव्हती. "सर, तुमच्याकडं काय, थंडी वाजली तर स्वेटर हाय," असं म्हणून त्यांनी ती घडी करून स्कूटरच्या डिकीत टाकली.

परवा साहेबांची शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. त्यांच्या सत्कारांच्या गोष्टी निघाल्या, लोक डोळे पुसतापुसता हसले. गयाबाईंच्या गल्लीचं नाव मात्र कोणी काढलं नाही. मला वाटतं, साहेब समोर बसलेले असते तर त्यांना तेवढं एकच खटकलं असतं.

पदानं ते स्वच्छता निरीक्षक. गटारी, कचरा, मेलेली कुत्री, आठवडी बाजार उठल्यावरचा चिखल, हे सगळं त्यांच्याकडे. बालाघाटाच्या उतारावरचं आमचं गाव धड खेडं नाही, धड शहर नाही. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं. अशा गावात गटारीच्या साहेबाला कोण विचारतो? पण तिडके साहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, खिशाला पेन अडकवून असे येत की नवख्या माणसाला तेच मुख्याधिकारी वाटावेत. आवाज भारदस्त होता. माईक नसला तरी ते माईक असल्यासारखंच बोलत. घरी चहा मागतानासुद्धा "उपस्थितांपैकी कोणीतरी" असं म्हणतात, अशी आम्ही त्यांची टिंगल करायचो.

आणि सत्कार करावा तर त्यांनीच. टाचा जुळवून उभे राहायचे, हार दोन्ही हातांनी धरायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघत हळूच पुढे वाकायचं. बाईमाणूस असेल तर गळ्यात कधी घालायचा नाही. हार तिच्या ओंजळीत द्यायचा, नजर खाली ठेवायची आणि एक पाऊल मागे सरकायचं. "हार घ्यायचा म्हणलं की मान वाकवावी लागती सर," ते मला सांगत. "एकदा मान वाकली की माणूस माणसात येतो. मंग त्याला कायबी सांगा, ऐकतो."

यात नुसता पोरखेळ नव्हता. साहेब येण्याआधी नगरपालिकेच्या सभागृहात झाडूवाल्या बायका फक्त झाडायला जात. एका कार्यक्रमात साहेबांनी त्यांना पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्च्यांवर बसवलं आणि नगरसेवकांना हार घेऊन उभं केलं. एक बाई खुर्चीच्या काठावरच टेकली होती. साहेब स्टेजवरून म्हणाले, "मावशी, मागं सरकून बसा. खुर्ची तुमचीच हाय." ती मागे सरकली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. ते मी पाहिलंय. साहेबांना नावं ठेवायला बसलो की मला ती खुर्ची आठवते आणि जीभ अडखळते.

पण त्याच साहेबांनी सत्कारावर गटारीही भागवल्या, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या आळीतला एक पेन्शनर महिनोन्‌महिने तुंबलेल्या गटारीची तक्रार करत होता. एक दिवस तो काठी आपटत ऑफिसात आला. साहेबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, डिकीतून शाल काढली आणि 'जागरूक नागरिक' म्हणून तिथल्या तिथे सत्कार केला. पाणीपुरवठ्याच्या मुजीबनं मोबाईलवर फोटो काढला. म्हातारा इतका खूश झाला की तक्रार विसरून घरी गेला. गटार पुढे कितीतरी दिवस तशीच होती. आम्ही हसलो. म्हाताराही नंतर हसला. अशा गोष्टी आमच्याकडे हसण्यावारीच जातात.

मग वरून हुकूम आला की गाव हागणदारीमुक्त करायचं. साहेबांना हा शब्द उच्चारताच येत नसे. भाषणात ते "उघड्यावर" एवढंच म्हणत आणि पुढचं लोकांच्या अकलेवर सोडत. गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे उठायचं, माळावर जायचं, डबा घेऊन निघालेल्या माणसाला गाठायचं. इतर गावांत शिट्ट्या फुंकत होते, उठाबशा काढायला लावत होते, कुठे डबा हिसकावून ओतून देत होते. साहेबांनी मीटिंगमध्ये स्वच्छ सांगितलं, "आपल्या गावात असलं चालणार न्हाई. कुणाची बेइज्जती करायची न्हाई. आपण सत्कार करू."

म्हणजे हार द्यायचा, फोटो काढायचा आणि तो नगरपालिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. कारण बोलायचं नाही. साहेबांचा नियमच होता की त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, माणूस आपोआप समजतो. ही त्यांना मोठी सभ्यता वाटत होती. खरं सांगायचं तर आम्हालाही वाटली. शिट्टीपेक्षा झेंडूचा हार बरा, असं कुणालाही वाटेल.

शाळामास्तर म्हणून मलाही पथकात घेतलं होतं. साहेब, मुजीब आणि मी. माझ्याकडे हारांची पिशवी. पहिल्याच दिवशी एक गवंडी सापडला. त्यानं डबा पाठीमागे लपवला आणि दुसऱ्या हातानं हार नको नको करत राहिला. साहेब टाचा जुळवून, नम्रपणे, त्याच्या गळ्यात हार घालूनच थांबले. तो गवंडी पुढे कितीतरी दिवस चौकातल्या हॉटेलात चहाला आला नाही. मला लाज वाटली होती. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "वाटंल ना लाज. वाटावीच. पण शिवी दिली का आपण?" दिली नव्हती. मी पिशवी उचलून त्यांच्या मागे चालू लागलो.

गयाबाई साळवे भेटल्या त्या सकाळी चांगलीच थंडी होती. स्मशानाच्या बाजूनं सिद्धार्थनगरला जाणारी पायवाट आहे, तिच्यावरून त्या येत होत्या. हातात रंगाचा रिकामा डबा, तारेची कडी लावलेला. साहेब पुढे झाले. "आजी, नगरपालिकेच्या वतीनं आपला सत्कार."

आजवर या वाक्याला माणसं पळत, नाहीतर भांडत. गयाबाईंनी डबा खाली ठेवला. हात लुगड्याला पुसले. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ओंजळ पुढे केली. साहेबांनी नेहमीसारखी नजर खाली घालून त्यांच्या ओंजळीत हार दिला आणि एक पाऊल मागे सरकले. म्हातारीचा चेहरा असा काही फुलला की बघत राहावं.

"तुमच्या ध्यानात आलं म्हणायचं, साहेब," त्या म्हणाल्या.

"आमचं सगळीकडं लक्ष असतं, आजी."

"रोज येते मी. उन्हाळ्यात तर सांजच्यालाबी येते."

मुजीबनं फोटो काढता काढता तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मीही पिशवीत तोंड घालून उगीच हार चाचपत बसलो. गयाबाई मुजीबकडे बघून परत एकदा नीट उभ्या राहिल्या, हार छातीशी धरून, फोटो चांगला यावा म्हणून. "माझ्या लेकीला धाडा हो ह्यो फोटू," असं म्हणून त्या निघून गेल्या. वळणापर्यंत त्या गेल्या आणि मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो. "क्या डेरिंग है बुढ्ढी का," मुजीब म्हणाला. साहेब सगळ्यांत जास्त हसले. फोटो लगेच ग्रुपवर गेला. खाली मजकूर नेहमीचा, उघड्यावर जाणाऱ्यांचा नगरपालिकेतर्फे सत्कार. त्या दिवशी मात्र कुणीतरी पुढे हसऱ्या तोंडांची रांग लावली आणि फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत गेला.

लेकीला तो मिळाला, पण आम्ही पाठवायची गरज पडली नाही. सुनंदा अंबाजोगाईच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या वॉर्डातल्या कुणीतरी तिला तो विनोद म्हणून दाखवला. एका दुपारी ती ड्युटीच्या कपड्यांतच नगरपालिकेत आली. मी शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या कामानं तिथेच बसलो होतो. तिनं साहेबांच्या टेबलावर मोबाईल ठेवला.

"ही माझी आई हाय."

साहेब उठून उभे राहिले. "बसा ताई."

"बसाया न्हाई आले. माझ्या आईच्या घरी संडास हाय, साहेब. सिद्धार्थनगरमधला पहिला. तुमीच आलतात नारळ फोडायला. तुमीच आईचा सत्कार केलता. आठवतंय का?"

साहेबांना आठवत नव्हतं. इतके नारळ, इतके सत्कार, त्यात एक म्हातारी कशी आठवावी? ते फोटोकडे बघत राहिले.

"मंग त्या माळावर कशाला..." त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हता.

"झाडाला पाणी घालाया." सुनंदा म्हणाली. "तुमच्याच झाडाला. आमच्या मसणवट्याला शेड मागून मागून लोक थकले. तुमी शेड दिली न्हाई, झाडं लावली. फोटो काढले अन् गेलात. मयताला आलेली माणसं उन्हात उभी ऱ्हातेत. आई म्हणली, झाडं तर झाडं, आपण जगवू. घरून डबा भरून नेती ती. येताना तुमी गाठली."

सुनंदाचा आवाज इथपर्यंत खणखणीत होता. आता तो फाटला.

"तिला वाटलं, झाडाबद्दल सत्कार केला नगरपालिकेनं. साहेब, तिनं तो हार वस्तीभर दाखवला. घरोघर. मंग घरी येऊन बाबासाहेबांच्या फोटोला घातला. सांजच्याला शेजारच्या पोरींनी तिला मोबाईलवर वाचून दाखवलं, कशाचा सत्कार हाय ते. तिनं हार काढून घेतला. तवापासून ती दाराच्या भाईर आली न्हाई. न्हाणीबी घराच्या मागं हाय, तिथं पदर वढून जाती. माझी आई. कुणाचं काय वाईट केलतं तिनं?"

ती गेल्यावर साहेबांनी टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली. मुजीब भिंतीकडे तोंड करून फायली लावल्यासारखं करत होता. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, "तुमच्या ध्यानात आलं म्हणायचं." कानशिलं तापली होती. ते आठवलं की आजही तापतात.

साहेब तसेच स्कूटरवर बसून माळावर गेले. मीही मागे बसलो, त्यांनी बस म्हटलं नव्हतं तरी. रस्त्याच्या कडेनं आम्ही लावलेली सगळी रोपं केव्हाच गेली होती. नगरसेवकांच्या नावांच्या जाळ्या तेवढ्या उभ्या होत्या, आत वाळलेल्या काटक्या. स्मशानाच्या कडेची मात्र कमरेच्या वर आली होती. पिंपळ, कडुनिंब, एक करंज. बुडाशी आळी केलेली, वर पाचटाचं आच्छादन. साहेब खाली बसले आणि त्यांनी आळ्यातल्या मातीला हात लावला. माती कोरडी होती. गयाबाई येत नव्हत्या, त्यामुळे ती कोरडी असणारच होती.

नगराध्यक्षांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी चटकन तोडगा काढला. सभागृहात मोठा कार्यक्रम, गयाबाईंना शाल, श्रीफळ, 'वृक्षमित्र' अशी पदवी, पत्रकारांना बोलावणं. "करून टाका तिडके, तुमचा तर हातखंडा." साहेब हो म्हणाले. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. हारवाल्याला फोनसुद्धा लावला. पण सुनंदाचा निरोप आला की आई येणार नाही. आणि कोणी गाडी पाठवू नये, वस्तीत लोक बघतात.

त्या रविवारी सकाळी साहेब माझ्या घरी आले. साधा शर्ट, पेन नव्हतं. "चला सर," म्हणाले. "मला एकट्याला जमायचं न्हाई." आम्ही चालतच सिद्धार्थनगरला गेलो.

गयाबाईंनी दार उघडलं आणि आम्हाला बघून पहिल्यांदा पदर सावरला. घरात बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. साहेब "आजी, राहू द्या" म्हणत होते, त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कपबश्या धुवत होत्या, चांगल्या ठेवणीतल्या.

"आजी," साहेबांनी सुरुवात केली. "माझ्या हातून... आमच्या नगरपालिकेच्या वतीनं... न्हाई. माझ्या हातून लई मोठी चूक झाली."

गयाबाईंनी चहा पुढे ठेवला. "तुमचं काय न्हाई, साहेब. मीच येडी. मला कोण कावून हार देईल? एवढं कळाया पायजे हुतं."

साहेबांनी कप उचललाच नाही. मी उचलला होता, तो मला खाली ठेवता येईना आणि पिताही येईना. त्या खोलीत मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात परत वाटली नाही. साहेबांचं तर मी बघूच शकत नव्हतो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

"चहा गार व्हायलाय," गयाबाई म्हणाल्या.

आम्ही चहा प्यायलो आणि उठलो. गयाबाई उंबऱ्याच्या आतच थांबल्या. साहेब बाहेर चपला घालत होते, तेवढ्यात शेजारच्या बाईनं तिच्या दारातून विचारलं, "कोण आलतं गं, गयाआक्का?"

आणि गयाबाई पटकन म्हणाल्या, "नळाचं बघाया आलते गं."

साहेबांचा एक पाय चपलेत, एक बाहेर. ते तसेच थांबले. आमची अब्रू झाकायला ती म्हातारी खोटं बोलली होती. आम्ही तिची चव्हाट्यावर मांडली, गावभर फिरवली, आणि तिनं आमची उंबऱ्याच्या आतून झाकली. साहेब वळले आणि त्या शेजारणीच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. टाचा जुळल्या नव्हत्या, हात कुठे ठेवावेत तेही त्यांना कळत नव्हतं.

"नळाचं न्हाई, बाई," ते म्हणाले. "मी माफी मागाया आलतो. मी तिडके, नगरपालिकेतला. तो फोटो आमी टाकला, तो खोटा हाय. गयाबाई तिथं झाडाला पाणी घालाया जातेत. आमी लावलेल्या झाडाला. चूक माझी हाय."

शेजारीण गडबडली. "आसं व्हय," एवढंच म्हणाली. मागून गयाबाईंचा दबका आवाज आला, "ऱ्हाऊ द्या साहेब, कशाला उगं."

साहेबांनी राहू दिलं नाही. ते पुढच्या घरी गेले, कडी वाजवली आणि तेच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिथून त्याच्या पुढच्या. एका दारात एक गडी दात घासत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता सांगायलाव व्हय? तवा लई हसू आलतं तुमाला." साहेब "हो, आलतं" म्हणाले आणि पुढे गेले. काही घरांतून माणसं बाहेर आली, काहींनी खिडकीतूनच ऐकलं. दोन पोरी मोबाईल काढून शूटिंग करायला लागल्या. साहेबांनी त्यांना अडवलं नाही. मी गल्लीच्या मध्यावर उभा होतो. पुढे जायची हिंमत नव्हती आणि मागे फिरणं बरं दिसत नव्हतं.

गल्लीच्या टोकाचं एक घर राहिलं. दारात एक जख्ख म्हातारी बाजेवर बसली होती. साहेब तिच्यासमोर वाकले आणि बोलू लागले. एव्हाना त्यांचा आवाज पार बसला होता. म्हातारी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

तेव्हा माझ्या शेजारून कोणीतरी पुढे गेलं. मी बघितलं तर गयाबाई होत्या. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता आणि तो त्यांनी पुढे ओढला नाही. सगळ्या गल्लीच्या देखत त्या चालत गेल्या, बाजेपाशी थांबल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "तिला ऐकू कमी येतं, साहेब. मोठ्यानं सांगा."